कनद छत्तीस, वापरलेली

शेडबाहेर वाळूत तीन बोटी,
गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या.
शेरी एकतीस, कनद छत्तीस, हामूर बेचाळीस.
बोटींना माशांची नावं द्यायची मालकाला हौस.
कनद म्हणजे आपली सुरमई,
आल्या आल्या आईला फोनवर सांगितलं होतं.

नवी बोट पाण्यात उतरून तीन वर्षं झाली.
आता विकलेल्याच परत येतात
माहेरपणाला आल्यासारख्या,
आणि न्यायला कोणी येत नाही.
बेचाळीसचा साचा कुंपणाशी कलंडलाय,
त्याच्या पोटात मांजर व्यालीय.
रोमेल मनिलाला गेला, कुन्हामू सुतार गेला,
उम्म अल कुवेनच्या या खाडीकाठी
राहिलो मी आणि पॉलिशची मशीन.
पाच महिन्यांचा पगारही राहिलाय.
'इन्शा अल्ला,' मालक म्हणतो,
आणि खरंच वाईट वाटून म्हणतो,
त्यामुळे भांडताही येत नाही.

कनद पुसायला घेतली.
मोठा मासा ओढायची खुर्ची, पट्टा तुटलेला.
गळाच्या दांड्या रोवायच्या नळीत
खजुराच्या तीन बिया.
मासळीच्या पेटीत तळाला एक खवला,
नखाएवढा, वाळून काच झालेला.
मी बांधलेल्या चाळीसेक बोटींतून
मी एकदाही गळ टाकलेला नाही.
आचऱ्याच्या गाबिताचा मी पोरगा.
बापाने वल्हं धरलं, मी रोलर धरला,
रेझिनमध्ये भिजलेल्या मॅटवर फिरवायचा,
हवा काढायची, बस्स.
काचेचे तंतू कोपरापर्यंत खाजतात,
सुट्टीवर गेलो तरी खाजतात.

शुक्रवारी असरच्या नमाजानंतर खल्फान आला,
दिब्ब्याचा म्हातारा नोखदा.
नोखदा म्हणजे आपला नाखवाच,
चालणंही तसंच, जमीन हलत असल्यासारखं.
खिशातून छोटी हातोडी काढली,
बोटीला कान लावला
आणि फणस पारखावा तसा ठोकत निघाला.
टक. टक. टक.
इथे फक्त पिकल्याचा आवाज येता कामा नये.

मला जागा माहीत होती.
डावी बाजू, पाण्याच्या रेषेवर चार बोटं.
चौदा वर्षांपूर्वी तिसरा थर ओला असताना
फोन वाजला होता: 'तुका चेडू झाला.'
रोलर टाकून मी उन्हात धावलो,
कोणाकोणाला सांगत सुटलो, पाकिस्तानी ड्रायव्हरलाही.
परत आलो तोवर रेझिन गोठलं होतं.
तळहाताएवढी हवा आत राहिली.
वरून चौथा थर चढवला.
कोणाला कळलं नाही, बोटीलाही नाही.

टक. टक. म्हातारा जवळ आला
तसा मी सहज टेकलो तिथे,
एक हात बोटीवर, नजर खारफुटीकडे.
'हात निकालो, भाई.'
ढब.

त्याने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा ठोकलं. ढब.
मग हसला, तंबाखूने काळे झालेले दात दाखवत,
आणि मालकाला म्हणाला, नऊ हजार कमी.
मालकाने घासाघीससुद्धा केली नाही.
माझे थकलेले पगार साडेनऊ होतात.

रात्री शेडचा एक दिवा लावला.
कोणी सांगितलं नव्हतं.
ड्रिलला बारीक पातं लावून टेकवलं,
पांढरा भुसा पडत राहिला
आणि एकदम पातं आत सैल गेलं.
भोकाला गाल लावला.
बाहेर शमाल सुटला होता,
काही आलं की नाही कळलं नाही.
वास आला थोडा, रेझिनचा, जुना.

वर दुसरं भोक पाडलं,
सुईने रेझिन भरत गेलो
वरून ओघळेपर्यंत.
मग दोन्ही भोकांवर अंगठे दाबून उभा राहिलो.
दहाएक मिनिटांनी ते तापायला लागतं, आतून,
कपाळ तापावं तसं.
चेडू आता नववीत आहे.
तिथे साडेअकरा वाजले असतील, झोपली असेल.

घासायचं काम सकाळवर ठेवलं.